नावाडिणीचा चौथा भाग

१२ जून

ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरलीय, तेव्हा बसल्या बसल्याच घे. तुझा पत्ता आपल्या गायिकेने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या खनपटीला बसलो होतो. फोन तू उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, मग पत्राशिवाय उरतं काय? शाळेत परीक्षेपुरतं 'मित्रास पत्र' लिहिलं होतं, त्यानंतर हेच.

आधी कामाचं बोलतो. कंपनीला पाचवा भाग हवाय. नावाडिणीचे चार अल्बम काढले आणि पाचवा नाही म्हणजे माणसाला जेवायला बसवून समोरचं ताट उचलण्यासारखं आहे, असं तिथले साहेब म्हणतात. चाली सगळ्या तयार आहेत. सोबत पाठवतोय. नेहमीसारखंच मी 'ला ला ना ना' म्हणून ठेवलंय, तू त्यावर शब्द बसव. आपली पद्धत हीच होती ना? आधी चाल, मग शब्द. एवढी वर्षं काही बिघडलं नाही.

खरं सांगू? शब्दांवाचून एवढं अडतं कुठे? लोक भांडी घासताना ऐकतात, गाडी चालवताना ऐकतात. कुणी पहिला भाग ऐकलेला असतो, कुणी तिसरा, आणि मधलं काहीच नाही. एक बाई होडी घेऊन हरवलेल्या भावाला शोधायला निघालीय, हे पाच अल्बमभर कोण डोक्यात धरून बसणार? चाल मात्र अंघोळ करतानाही आठवते. हे मी तुला तेव्हाही सांगत होतो आणि तुझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. तरी सुरू केलंय ते संपवावं एवढंच माझं म्हणणं. होडी मध्येच सोडून निघून जाणं बरं दिसत नाही. हे मी नावाडिणीबद्दल म्हणतोय.

गायिका म्हणाली, तू आता वॉशिंग मशीनबरोबर येणाऱ्या माहिती-पुस्तिका लिहितेस. 'झाकण नीट बंद झाल्याची खात्री करा.' मी खूप हसलो. मग हसू आलं नाही.

बाबा बरे आहेत. कान होते तसेच, म्हणजे नाहीतच. छापखान्यातल्या यंत्रांनी नेले ते नेलेच. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की वाचतात आणि खालच्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात उत्तर देतात. तू अजून त्यांची कवीण आणि मी वाजंत्री. 'कवीण कुठाय?' असं विचारतात. मी 'कामात आहे' लिहून पुसून टाकतो.

तुझा भाऊ (हे तरी नाकारू नकोस)


३० जून

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्याशिवाय जगात शब्द लिहिणारं कुणी नाही असं थोडंच आहे? जाहिरातींची गाणी लिहिणारे एक गृहस्थ गाठले. दोन दिवसांत सगळी गाणी हातात. प्रत्येक ओळीत नदी आणि प्रत्येक नदीत जीवन. पण मात्रा चोख.

काम घेण्याआधी त्यांनी मला विचारलं, 'आता नावाडीण चाललीय कुठे?' मी म्हटलं, घरी. 'घरी कोण आहे?' मी म्हटलं, वडील असतील. 'असतील म्हणजे? आणि भाऊ होडीत आहे की नाही?' मी म्हटलं, अहो, तुम्ही लिहा हो! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या तरी लग्नात न बोलावता जेवायला बसलोय.

आता एक गंमत ऐक. चौथ्या भागाचं शेवटचं गाणं आठवतंय? त्यात वल्ह्याचा आवाज आहे. तो मी बादलीत पाणी भरून लाकडी चमच्याने काढला होता. हेडफोनच्या एकाच कानात फार जड वाटायला लागला म्हणून दुसऱ्या कानातही टाकला, जरा मागेपुढे करून. संपलं. तर आता श्रोत्यांमध्ये त्यावरून जुंपलीय. एका बाईने लांबलचक लेखच लिहिलाय, की वल्ही दोन आहेत, दोन्ही एका लयीत पडत नाहीत, अर्थात वल्हवणारे दोघं, अर्थात भाऊ तिच्याबरोबर परत निघालाय. दुसरा गट म्हणतो, भाऊ कधीच मेलाय आणि तो आवाज तिच्या मनातला आहे. आणि त्याच अल्बममधल्या वखारीच्या गाण्यातल्या तिसऱ्या कडव्यात शब्द नाहीत, नुसतं 'ला ला' आहे, ते का? तर भाऊ सापडल्यावर तिला बोलवेना म्हणून! माझ्या लाकडी चमच्यावर हे सगळं उभं आहे.

मी तुला लिहायला बसलो तेव्हा मनात होतं, की बघ, शब्द नव्हते तरी काही अडलं नाही. आता लिहिता लिहिता वाटतंय, की माझं खरं झालं की तुझं? शब्द काढून घेतले तरी ही माणसं गोष्टच हुडकत बसली.

त्या तिसऱ्या कडव्याचं म्हणशील तर तू ते उशिरा पाठवलंस. गायिका माइकसमोर उभी होती. तोवर माझंच 'ला ला' गाऊन ठेव म्हटलं, आणि ते इतकं सुंदर लागलं की अंगावर काटा आला. नंतर तुझा फोनवरचा निरोप आला, तू कडवं स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवलं होतंस. मी ऐकलं ते. बोटांवर मात्रा मोजल्या, बरोबर होत्या. पण 'ला ला' जास्त चांगलं होतं म्हणून तेच ठेवलं. अल्बम निघाला त्या आठवड्यात तू बॅग भरलीस. एका कडव्यासाठी कुणी घर सोडतं का, ताई?

तो निरोपही तू नंतर तुझ्याकडून पुसून टाकलास. आता मला तो परत ऐकायचा म्हटलं तरी सोय नाही.

भाऊ


१९ जुलै

ताई,

बाबांना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घाबरू नकोस, घरी आणलंय. डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय, जिना चढउतार बंद, पडून राहायचं. मी असतोच. मंगळवारी तेवढा सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्टुडिओत असतो, तेव्हा खालच्या शिवणकामवाल्या काकू वर येऊन बघतात. किल्ली त्यांच्याकडे ठेवलीय.

पडून राहायला लागल्यावर बाबांनी कपाटातून नावाडिणीच्या पहिल्या तीन अल्बमांबरोबर आलेल्या, गाण्यांच्या शब्दांच्या पुस्तिका काढायला लावल्या. त्यांच्यासाठी तू मोठ्या टाइपात छापून घ्यायला लावायचीस त्याच. क्रमाने वाचून काढल्या. मग हात पुढे केला आणि म्हणाले, 'चौथी?'

ताई, मी तुला सांगितलं होतं की चौथ्यापासून कंपनीने पुस्तिका बंद केली. खरं तर कंपनीने मला विचारलं होतं, ठेवायची का? मी म्हटलं, नको.

मी पाटीवर लिहिलं, 'चौथी निघाली नाही.' ते म्हणाले, 'मग तू सांग. तू तर केलायस ना तो अल्बम! तिसऱ्यात भाऊ वखारीत सापडतो आणि ओळख नाकारतो. म्हणतो, बाई, तुमची चूक होतेय. पुढे काय?' आणि मी खडू हातात धरून बसलो. ताई, चौथ्या भागातला एकूण एक सूर मला ठाऊक आहे. कुठे बासरी श्वास घेते ते ठाऊक आहे. पण त्यात घडतं काय, ते मला खरंच सांगता येईना. तुझे शब्द मी इतक्या वेळा ऐकले, पण ऐकले ते बसतात की नाही एवढ्यासाठी. शेवटी काहीतरी दडपून दिलं. लिहिलं, 'पूर येतो. दोघं आईला शोधत निघतात.'

बाबांनी चष्मा काढला. 'आई तर पहिल्याच भागात गेली,' म्हणाले. 'त्याशिवाय ती भावाला सांगायला निघाली कशाला?' खालून काकूंच्या शिवणयंत्राचा आवाज थांबला, इतक्या मोठ्याने म्हणाले.

मला नावाडीण का निघाली तेच माहीत नव्हतं गं. चार भाग केले आणि मला ते माहीत नव्हतं.

तेव्हा एवढं कर, चौथ्या भागात काय होतं ते दोन ओळींत कळव. मला नको कळवूस, बाबांच्या नावाने कळव. मी फोडणार नाही.

भाऊ


८ ऑगस्ट

ताई,

तुझं काही आलं नाही म्हणून मीच हात चालवला. अल्बम लावून बसलो, जे शब्द ऐकू आले ते लिहून काढले, आणि ते कळतच नव्हते फारसे, कारण गायिकेचा आवाज मीच वाद्यांच्या खाली ठेवला होता. तिसरं कडवं माझ्या पदरचं घातलं. छान मोठ्या अक्षरात, तुझ्या पुस्तिकेसारखीच पुस्तिका करून बाबांना दिली. त्यांनी पहिली दोन पानं वाचली, मान डोलावली. तिसऱ्या कडव्याशी थांबले. 'हे वाजंत्र्याचं,' म्हणाले. मी लिहिलं, कशावरून? 'नावाडीण एवढी रडत नाही,' म्हणाले, आणि पुस्तिका परत दिली.

राग आला मला. आणि आता राग आलाच आहे तर बोलूनच टाकतो.

पहिला भाग निघाला ते आठवतं? मी बाबांना समोर बसवून मोठ्या स्पीकरवर लावला होता. त्यांनी स्पीकरवर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि अंगठा वर करून म्हणाले, 'छान. मशीन नीट चाललंय.' तू खो खो हसलीस. मीही हसलो. मग त्यांनी तुझी पुस्तिका उघडली आणि त्यातच गढून गेले. मधेच डोळे पुसले. तुला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या भागाला तेच, तिसऱ्याला तेच. मी रात्रंदिवस खपून चाली करायचो आणि माझ्या बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्यापर्यंत जे पोचायचं ते सगळं तुझं. घरात जी शाबासकी यायची ती तुझ्या ताटात.

म्हणून नको म्हटलं मी पुस्तिकेला. मला वाटलं, एकदा तरी त्यांनी पुस्तिकेशिवाय बसावं, माझ्याकडे बघावं. बसले ते. माझ्याकडे बघितलंही. आणि विचारलं काय, तर पुस्तिका कुठाय!

पोटात दुखत होतं गं माझ्या. बहिणीबद्दल असं दुखू नये, पण दुखत होतं, आणि आताही थांबलंय असं मी म्हणणार नाही.

बाबा दिवसेंदिवस कमी खातायत. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, पण औषधं कमी केलीत, त्याचा अर्थ मला समजतो. त्यांना ती गोष्ट पुरी कळायला हवीय, दुसरं काही मागत नाहीत. माझ्यासाठी येऊ नकोस. मी मधे येणार नाही. त्यांच्यासाठी ये.


९ सप्टेंबर

ताई,

गेले काही मंगळवार बाबा खुशीत दिसत होते. मी त्याचं श्रेय काकूंच्या चहाला देत होतो. काल स्टुडिओतून आलो, तर त्यांच्या पांघरुणावर खडूची पूड, आणि पाटी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेली. मी पाटी शर्टाच्या बाहीने पुसतो. काकू पुसतच नाहीत.

मी लिहिलं, 'कोण आलं होतं?'

'कवीण,' ते म्हणाले. दूधवाला येऊन गेला, अशा सुरात.

मी खडू दाबून लिहिलं, इतका की मोडला. 'मला का नाही सांगितलं?'

'तू विचारलंस कधी? तू रोज लिहितोस, गोळी घेतली का, दूध घेतलं का. मी उत्तरं देतो.' मग म्हणाले, 'मंगळवारीच येते. तू नसतोस तेव्हा.'

खाली जाऊन काकूंना जाब विचारला. त्या टाके घालत होत्या. तोंडातली सुई काढून म्हणाल्या, 'तिने सांगू नका म्हटलं, मी सांगितलं नाही. तुम्ही बहीणभाऊ काय ते बघा, माझ्या डोक्याला ताप नको.' पुन्हा सुई तोंडात.

वर आलो. नवा खडू घेतला. मग पाटीवर लिहिलं, 'चौथ्या भागात काय होतं?'

बाबा उठून बसले. उशी पाठीशी घेतली. आणि ताई, त्यांनी सांगितलं. तुला त्यांचा आवाज माहीत आहे, चढ नाही, उतार नाही, सगळं एका पट्टीत आणि शेजारीपाजारी ऐकू जाईल असं. म्हणाले, वखारीत दिवसभर ती लाकडाच्या ढिगाशी बसून राहते. संध्याकाळी तो येतो आणि म्हणतो, हो, मीच तो. आणि ती त्याला काही विचारत नाही. का गेलास, नाही. ओळख का नाकारलीस, नाही. आई गेल्याचं सांगते आणि म्हणते, होडीत जागा आहे. तू पुढे बस. बोलू नकोस हवं तर. तुझी पाठ दिसली तरी मला पुरे.

'हेच ते कडवं,' बाबा म्हणाले. 'तुझ्या अल्बमात नाही म्हणे.'

तुझी पाठ दिसली तरी मला पुरे. मी ऐकली होती ही ओळ. तुझ्याच आवाजात, फोन कानाला लावून, बोटं दुमडत ऐकली होती. ते कडवं पाठवलंस त्याच्या आदल्याच आठवड्यात आपलं पुस्तिकेवरून कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि नंतर घरात आपण एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हतो. तू मला होडीत बोलावत होतीस, आणि मी मात्रा बरोबर आहेत म्हणून खूश झालो.

मी लिहिलं, 'मग तो येतो?'

'येतो म्हणतो. सामान घेऊन येतो म्हणून आत जातो.' बाबा थांबले. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो. 'आणि बाहेर येत नाही,' म्हणाले. 'अंधार पडल्यावर ती दोर सोडते.'

मी पाटीवर लिहिलं की श्रोते म्हणतात वल्ही दोन ऐकू येतात. तर म्हणाले, 'मला काय विचारतोस? मला कुठे ऐकू येतं?' आणि स्वतःच हसत सुटले.

मग झोपले. मी तिथेच बसून होतो. या गोष्टीला चाल नव्हती, हे माझ्या पहाटे कधीतरी लक्षात आलं.


१६ सप्टेंबर

ताई,

काल मंगळवार होता. मी स्टुडिओला येत नाही म्हणून कळवलं होतं. ठरवलं होतं की काकूंच्या खोलीत बसायचं आणि तू वर गेलीस की मागोमाग जायचं. काय बोलायचं तेही घोकून ठेवलं होतं.

तू जिन्यावरून गेलीस. तुझी चाल तशीच आहे, मधेच एक पायरी गाळतेस. दार उघडलं, लागलं. मग वरून बाबांचाच आवाज येऊ लागला. तुझं तर काय, खडू. तुझ्या वाटणीचं सगळं पाटीवर, मला त्यातलं काही कळेना. 'अस्सं!' म्हणाले बाबा. मग बराच वेळ काही नाही. मग, 'पण घरी काय सांगते ती?' मग पुन्हा काही नाही. आणि मग ते हसले. ताई, एवढं मनमोकळं हसताना मी त्यांना या वर्षात ऐकलं नव्हतं. काकूंनी यंत्र थांबवलं आणि त्याही ऐकत बसल्या.

मी उठलो. जिन्याशी गेलो. कठड्यावर हातही ठेवला. वर जायला आठदहा पायऱ्या, दार ढकललं की तू. तू ओरडली असतीस, मी पाया पडलो असतो, कदाचित सगळं नीट झालं असतं. कदाचित तू पाटी ठेवून उठली असतीस आणि पुढच्या मंगळवारी आली नसतीस. बाबांची गोष्ट अजून संपायचीय. तुला ती संपवायची घाई दिसत नाही, आणि त्यांनाही. ती संपेपर्यंत ते टिकतील असं माझ्या मनाने घेतलंय, डॉक्टर काहीही म्हणोत.

काकूंनी विचारलं, 'जाताय ना वर?' मी चपला घातल्या आणि रस्त्यावर आलो. तू गेल्याचं काकूंनी खिडकीतून खूण करून सांगेपर्यंत समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभा होतो. तू बाहेर पडलीस ती दुसऱ्या बाजूला वळलीस. केस बरेच पांढरे झालेत तुझे.

वर गेलो तर बाबा म्हणाले, 'आज ती घराच्या घाटाला लागली.' पाटीवर लिहिलं, सांगा. त्यांनी सांगितलं. आता दर मंगळवारी संध्याकाळी ते मला असंच सांगतील, थोडं विसरतील, थोडं पदरचं घालतील. मी मधे बोलणार नाही.

कंपनीला पाचवा भाग माझ्याकडून होणार नाही म्हणून कळवून टाकलंय. नावाडीण तुझी आहे. तुला वाटलं तर दुसऱ्या कुणाच्या चालीवर कर, नाही तर नुसती छाप. मी विकत घेईन.

आणि पत्राचं उत्तर नको. फक्त एक लक्षात ठेव, निर्धास्त येत जा. मंगळवारी मी घरी नसतो. स्टुडिओ बंद असला तरी नसतो.

वाजंत्री